यूपीआय चालतं, मग मत का नाही?

‘फोनवरून लाखो रुपये पाठवता येतात, मग घरबसल्या मत का देता येऊ नये?’ प्रत्येक निवडणुकीच्या सुमारास हा प्रश्न येतोच, आणि विचारणाऱ्याला तो बिनतोड वाटतो. 28 जून 2025 रोजी बिहार राज्य निवडणूक आयोगाने नगरपालिकांच्या निवडणुकीत मोबाइल ॲपवरून मतदान घेतलं. तेव्हापासून ‘बिहारला जमलं, आपल्याला का नाही’ हेही त्याला जोडलं जातं. विचारणाऱ्यांना लोकांनी मतदान करायला हवं आहे, यात शंका नाही. पण यूपीआयशी केलेली तुलनाच मुळात चुकीची आहे, आणि हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

बँकेतला व्यवहार सुरक्षित असतो, कारण त्याच्या प्रत्येक नोंदीवर नाव असतं. पैसे कोणी, कोणाला, किती आणि कधी दिले हे बँकेला कळतं, तुम्हाला कळतं, घेणाऱ्यालाही कळतं. रक्कम चुकीची गेली तर पासबुकात दिसते. फसवणूक रोज होते, पण ती सापडते आणि पुष्कळदा भरूनही निघते. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, अशा गैरव्यवहाराची खबर तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर ग्राहकावर बोजा पडणार नाही, असं रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात ठरवलं. म्हणजे बँकांनीही फसवणूक होणार हे गृहीत धरलेलं आहे.

मताचं नेमकं उलटं. तुम्ही मतदान केलं याची नोंद हवी, पण कोणाला केलं हे आयोगालाही कळता कामा नये. मग फोनमधल्या एखाद्या घुसखोर ॲपने तुम्ही निवडलेलं चिन्ह मत पाठवण्याआधीच बदललं, आणि पडद्यावर मात्र तुमचंच चिन्ह दाखवलं, तर तक्रार कशाच्या आधारावर करणार? तुमच्या नावावर मताची नोंद नाही. ती ठेवायची म्हटली तर गुप्तता संपली. ‘सगळं एन्क्रिप्टेड असतं’ हे उत्तर इथे कामाचं नाही. कुलूप लागण्याआधीच आतला माल बदललेला आहे.

ही भीती काल्पनिक नाही. 2010 साली अमेरिकेत वॉशिंग्टन डीसीच्या निवडणूक अधिकाऱ्यांनी परदेशातल्या मतदारांसाठी ऑनलाइन प्रणाली तयार केली आणि खऱ्या मतदानाआधी लोकांना चाचणीसाठी खुली केली. मिशिगन विद्यापीठातले प्राध्यापक ॲलेक्स हाल्डरमन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 48 तासांत तिचा ताबा घेतला आणि प्रत्येक मत बदललं. मतदान पूर्ण होताच त्यांच्या विद्यापीठाचं गाणं वाजेल अशीही सोय त्यांनी केली होती. तरी घुसखोरी लक्षात यायला अधिकाऱ्यांना जवळपास दोन कामकाजाचे दिवस लागले. ऑनलाइन मतदानाचा तो प्रयोग तिथेच रद्द झाला. खरा हल्लेखोर गाणं वाजवणार नाही.

आणखी एक गोष्ट या चर्चेत फारसं कोणी काढत नाही, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. मतदान केंद्रातला तो पुठ्ठ्याचा आडोसा घरात नसतो. बीडहून ऊसतोडीला गेलेलं जोडपं मुकादमाची उचल घेऊन कोपीत राहतं. मतदान फोनवर आलं तर ‘आण फोन इकडे, माझ्यासमोर बटण दाब’ असं म्हणणाऱ्या मुकादमाला ते काय सांगणार? सासऱ्यासमोर सून काय करणार? ओटीपी किंवा चेहऱ्याची पडताळणी हे माणूस तोच आहे एवढंच सांगते. तो मोकळेपणाने मत देतोय का, हे तिला दिसत नाही. आडोशाआड दिलेलं मत बाहेर कोणाला सिद्ध करून दाखवता येत नाही, म्हणूनच गरिबाला ‘दिलं तुम्हालाच’ असं सांगून वेगळं बटण दाबता येतं. ही ताकद सोयीपायी काढून घ्यायची?

‘पण एस्टोनिया?’ हो, तिथे 2005 पासून ऑनलाइन मतदान आहे, आणि 2023 च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून जास्त मतं तशी पडली. त्या देशाची लोकसंख्या पुणे शहराच्या निम्म्याहून कमी आहे आणि मतदार चिप असलेल्या डिजिटल ओळखपत्राने मत देतात. 2017 मध्ये त्याच चिपमध्ये दोष सापडला आणि सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांची प्रमाणपत्रं स्थगित करावी लागली. दबावावर त्यांचा उपाय असा, की ऑनलाइन मत पुन्हा देता येतं आणि शेवटचं धरलं जातं. केंद्रावर कागदी मत दिलं तर ऑनलाइन मत बाद होतं. सांगलीच्या फडातून बीडला परतायला गाडीभाडं नसलेल्या मजुराला हा उपाय उपयोगाचा नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘ईव्हीएम म्हणजे ऑनलाइनच की’: नाही, ते यंत्र कोणत्याही नेटवर्कला जोडलेलं नसतं, आणि व्हीव्हीपॅटची चिठ्ठी हाताने मोजता येते. ‘ब्लॉकचेन लावा’: ब्लॉकचेन नोंद झालेलं मत जपते, नोंद होण्याआधी बदललेलं नाही. आरएसए एन्क्रिप्शनच्या जनकांपैकी एक असलेले रोनाल्ड रिव्हेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्लॉकचेनमुळे परिस्थिती आणखी बिघडते असा निष्कर्ष काढला आहे. ‘मतदान वाढेल’: एस्टोनियात 2007 च्या संसदीय निवडणुकीत ते 62 टक्क्यांच्या आसपास होतं, 2023 मध्ये 64 च्या आत. ‘प्रगत देश हेच करतात’: नॉर्वेने 2011 आणि 2013 मध्ये करून पाहिलं आणि बंद केलं.

घरापासून लांब असलेल्यांचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो सोडवायलाच हवा. निवडणूक आयोगाने जानेवारी 2023 मध्ये स्थलांतरितांसाठी एकाच यंत्रावर 72 मतदारसंघ हाताळणाऱ्या, इंटरनेटशी न जोडलेल्या रिमोट ईव्हीएमचा प्रस्ताव राजकीय पक्षांपुढे ठेवला. पक्षांच्या हरकतींत तो अडकला. त्यांतल्या काही हरकती रास्तही होत्या. तरी फोनच्या ॲपसाठी आग्रह धरणाऱ्यांनी तो आग्रह इकडे वळवावा. सीमेवरच्या सैनिकांसाठी तर इंटरनेटचा मर्यादित वापर आजही होतो: कोरी मतपत्रिका त्यांच्याकडे ऑनलाइन जाते, ती छापून, मत नोंदवून ते टपालाने परत पाठवतात. परतीच्या वाटेवर कागद असतो, आणि कागद मोजता येतो.