संगणकाचा राखणदार

आमचे घर शिरूरला. लेक दिली दौंडला. बचत गटातल्या बारा बायकांचा हिशेब ती घरच्या संगणकावर लिहिते. गेल्या पावसाळ्यात तिचा फोन आला. "अण्णा, हिशेबाच्या सगळ्या फाइली गेल्या हो!"

आम्ही एसटीने दौंड गाठले. पाहतो तर फाइलींच्या जागी नुसती बाणाची चित्रे. जावईबापूंनी दुकानातून अर्ज छापून आणले होते. तिथल्या संगणकाला लावलेला पेन ड्राइव्ह त्यांनी घरी लावला. त्यातून रोग आला.

हा रोग म्हणजे जंतू नव्हे. वाईट बुद्धीच्या माणसाने लिहिलेला तो प्रोग्राम असतो. संगणक बिचारा हुकमाचा ताबेदार. सांगितले ते करतो. एखादा रोग फाइली लपवतो. एखादा बँकेचा पासवर्ड चोरतो. एखादा फाइलींना कुलूप लावून पैसे मागतो. 2017 च्या मे महिन्यात असा कुलपाचा रोग जगभर पसरला. ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांचे कामसुद्धा त्याने अडवले.

रोग अडवणाऱ्या प्रोग्रामला अँटिव्हायरस म्हणतात. तो म्हणजे संगणकाचा राखणदार. मग लेकीच्या घरी राखणदार नव्हता का? होता की. एक सोडून दोन! एक यंत्राबरोबर फुकट आला होता. त्याची मुदत संपून वर्ष झाले होते. दुसरा जावईबापूंनी मित्राच्या सांगण्यावरून घातला. दोघे एकमेकांवरच संशय घेऊ लागले. प्रत्येक फाइल दोघेही तपासणार. संगणक गोगलगायीसारखा चालू लागला. म्हणून जावईबापूंनी दोघांनाही बंद करून ठेवले. रोगाला दार मोकळे मिळाले.

गुरांना लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा टोचतात. संगणकाचे रोग मात्र रोज नवे निघतात. राखणदाराजवळ रोगांच्या खुणांची यादी असते. ती इंटरनेटवरून रोज ताजी व्हावी लागते. त्याला अपडेट म्हणतात. मुदत संपलेल्याला नवी यादी मिळत नाही. त्याला कालचा चोर ओळखता येतो, आजचा येत नाही.

मग कोणता घ्यावा? विकत घेण्याची घाई नको. विंडोज 10 आणि 11 मध्ये राखणदार मुळातच असतो. त्याचे नाव डिफेंडर. साध्या घरकामाला तो पुरतो. मात्र विंडोज 10 ची नेहमीची सुधारणा कंपनीने ऑक्टोबर 2025 मध्ये थांबवली. जमेल तर 11 वर जावे.

विकत घ्यायचा तर पुष्कळ आहेत. क्विक हील आपल्या पुण्याचाच. कैलास आणि संजय काटकर या भावांनी तो उभा केला. कैलासरावांचे शिक्षण दहावीपर्यंत. आधी ते कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. हे आम्ही जाहिरातीसाठी सांगत नाही. मराठी माणसाचे कौतुक वाटते, इतकेच. कोणताही घ्या, पण एकच घ्या. आणि तो कंपनीच्या स्वतःच्या पानावरूनच उतरवा. कोणी पेन ड्राइव्हवर फुकट चोरीची प्रत देतो म्हणाला, तर हात जोडा. चोरीच्या प्रतीतच पुष्कळदा रोग असतो.

आता बसवायचे कसे ते बघा. आम्ही लेकीकडे असेच केले. आधी नवा प्रोग्राम उतरवून बाजूला ठेवला. मग सेटिंग्जमध्ये ॲप्स उघडून दोन्ही जुने अनइन्स्टॉल केले, म्हणजे काढून टाकले. नुसते चित्र पुसले तर प्रोग्राम जात नाही बरं का. आम्हीही आधी तीच चूक केली होती. मग संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. जुना राखणदार गेला की डिफेंडर आपोआप जागा होतो, त्यामुळे मधल्या वेळात घर उघडे पडत नाही. मग नवा बसवला. बसवताना वाचल्याशिवाय 'नेक्स्ट' दाबू नये. चौकटीत आधीच बरोबरची खूण करून भलतेसलते प्रोग्राम गळ्यात मारतात. ती खूण काढावी. शेवटी अपडेट केले आणि पूर्ण तपासणी लावली. तिला दोन तास लागले. तोवर चहा झाला, जेवण झाले.

कधी पडद्यावर लाल पाटी येते. "संगणक बिघडला, या नंबरावर फोन करा." ती पाटी खोटी. फोन करू नये, पाटी बंद करावी. फसून पैसे गेलेच तर लगेच 1930 वर कळवावे. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या पानावर रोग काढण्याची साधने फुकट मिळतात.

लेकीच्या फाइली गेल्या नव्हत्या. रोगाने लपवल्या होत्या. रोग काढून त्या पुन्हा दिसत्या केल्या. तिने वहीतही हिशेब ठेवला होता. दोन्ही ताडून पाहिले. वीस रुपयांचा फरक निघाला. तो रोगाचा नव्हता, लेकीच्या बेरजेचा होता.