केमिकल इंजिनिअरला पॉलिमर का यायला हवा?

केमिकल इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला पहिल्या दोन वर्षांत एक सवय लागते. तापमान, दाब आणि मिश्रणातल्या घटकांचे प्रमाण एवढे हाती आले, की पदार्थ कसा वागेल हे तो गणिताने काढू लागतो. वाफ कुठल्या बॉयलरमधून आली किंवा शुद्ध बेंझिन कुठल्या कारखान्यात तयार झाले, हे त्याला विचारावे लागत नाही. पॉलिमरपुढे मात्र ही सवय अपुरी पडते. दुधाची पिशवी, पाण्याचा काळा पाइप आणि बंदुकीची गोळी अडवणाऱ्या जाकिटांत वापरला जाणारा एक धागा, या तिन्ही वस्तू पॉलिइथिलीनच्या असतात. तिन्हींत कार्बन आणि हायड्रोजनचे प्रमाण जवळपास तेच. फरक पडतो तो साखळ्या किती लांब आहेत, त्यांना किती फांद्या फुटल्या आहेत आणि वस्तू घडवताना त्या किती ताणल्या गेल्या, यामुळे. पॉलिमर जसा घडला तो सगळा पूर्वेतिहास त्याच्या अंगात मुरतो. या पूर्वेतिहासाचा हिशेब मांडायला शिकवणारा विषय म्हणून पॉलिमरला केमिकल इंजिनिअरिंगच्या गाभ्यात जागा हवी, असे माझे म्हणणे आहे. आज अनेक ठिकाणी तो ऐच्छिक विषयांत मोडतो. ‘गेट’ परीक्षेच्या केमिकल इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात तो खते, साखर, कागद यांच्या शेजारी उद्योगांच्या यादीत दिसतो. पॉलिमर विज्ञान असे स्वतंत्रपणे येते ते दुसऱ्याच पेपरात.

या विज्ञानाची सुरुवातच वादाने झाली. १९२० मध्ये हेरमान श्टाउडिंगर यांनी रबरासारखे पदार्थ म्हणजे हजारो अणूंच्या अखंड साखळ्या आहेत असे मांडले, तेव्हा असे पदार्थ लहान रेणूंचे पुंजके आहेत असे मानणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांना ते पटले नाही. श्टाउडिंगर यांना नोबेल मिळाले ते १९५३ मध्ये. दरम्यान वॉलेस कॅरोदर्स यांनी नायलॉन घडवून साखळीची कल्पना कारखान्यात आणली. १९३३ मध्ये ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत सुमारे १४०० वातावरण दाबाखाली इथिलीन तापवताना भांड्यात मेणासारखा पांढरा पदार्थ सापडला, ते पॉलिइथिलीन. पुढे १९५३ मध्ये कार्ल झीग्लर यांनी नव्या उत्प्रेरकाने तेच इथिलीन साध्या दाबाला जोडून दाखवले. पहिल्या रीतीत साखळीला फांद्या फुटतात, त्यामुळे साखळ्या नीट रचल्या जात नाहीत आणि घनता ०.९२ च्या आसपास राहते. दुसऱ्या रीतीत साखळ्या सरळ असतात, दाटीने बसतात आणि घनता ०.९५ च्या पुढे जाते. पहिल्यातून मऊ पिशवी होते, दुसऱ्यातून ताठ पाइप. रिअ‍ॅक्टरमधली परिस्थिती अशी थेट ग्राहकाच्या हातातल्या वस्तूपर्यंत पोहोचते.

रिअ‍ॅक्टरचा विचार इथे मुळापासून बदलतो. एरवी ९९ टक्के रूपांतर झाले की इंजिनिअर समाधानी असतो. पॉलिएस्टर किंवा नायलॉनसारख्या संघनन प्रक्रियेत, म्हणजे दुवा जुळताना लहान रेणू सुटतो तिथे, कॅरोदर्स यांचे समीकरण सांगते, की ९९ टक्क्यांना साखळीत सरासरी १०० दुवे येतात आणि ९९.५ टक्क्यांना २००. शेवटच्या अर्ध्या टक्क्यात साखळीची लांबी दुप्पट होते. म्हणूनच सुटलेले पाणी वा ग्लायकॉल निर्वात पोकळीत ओढून काढण्यासाठी एवढी यंत्रणा उभारावी लागते. साखळ्या एका मापाच्या नसतात, त्यामुळे सरासरीइतकेच त्यांच्या लांबीच्या विभागणीलाही महत्त्व येते. ती विभागणी रिअ‍ॅक्टर कोणत्या प्रकारचा आहे आणि मिश्रण कसे ढवळले जाते यावर ठरते. त्यात उष्णतेचा प्रश्न आहे. एक किलो इथिलीनचे पॉलिमर होताना सुमारे ३.४ मेगाज्यूल उष्णता सुटते. मिथाइल मेथाक्रिलेटसारख्या मोनोमरचे द्रावकाशिवाय पॉलिमर करताना मिश्रण दाटत जाते, वाढत्या साखळ्यांची टोके एकमेकांना भेटेनाशी होतात, साखळ्या थांबत नाहीत आणि वेग आपोआप चढतो. उष्णता वाढते तेव्हाच ती बाहेर नेण्याची क्षमता घटलेली असते. सुरक्षिततेचा याहून चांगला धडा अभ्यासक्रमात क्वचितच सापडेल.

प्रक्रियेच्या टप्प्यावर हा पूर्वेतिहास डोळ्यांना दिसू लागतो. साखळ्या एकमेकींत गुंतण्याइतक्या लांब झाल्या, की वितळलेल्या पॉलिमरचा दाटपणा रेणुभाराच्या सुमारे ३.४ व्या घाताने वाढतो. रेणुभार दुप्पट तर दाटपणा दसपटीहून जास्त. अशा द्रवाचा रेनॉल्ड्स अंक बहुधा एकाहून कमी असतो. भोवरे उठत नाहीत, म्हणून मिसळण्याचे काम एक्स्ट्रूडरच्या स्क्रूला ताणून, दुमडून आणि पुन्हा ताणूनच करावे लागते. बॅरलमध्ये दाणा वितळतो तो बाहेरच्या हीटरइतकाच, अनेकदा त्याहूनही जास्त, स्क्रूच्या घुसळण्यातून निघणाऱ्या उष्णतेने. साच्यात थंड होताना गणित उलटे फिरते. अनेक पॉलिमरांची उष्णतावाहकता पाण्याच्याही निम्म्याहून कमी असल्याने थंड होणे संथ असते. भिंतीची जाडी दुप्पट केली की थंड होण्याचा वेळ सुमारे चौपट होतो, आणि इंजेक्शन मोल्डिंगच्या आवर्तनाचा मोठा भाग थंड होण्यातच जातो. डायमधून बाहेर पडलेला पॉलिमर फुगतो, कारण आतल्या ताणाची स्मृती त्याला असते. पेय भरण्याची पेटची बाटली करताना प्रीफॉर्म, म्हणजे बाटलीचा जाड भिंतीचा कच्चा आकार, सुमारे १०० अंशांना तापवून लांबीत आणि रुंदीत ताणतात. त्या ताणाने साखळ्या रांगेत येतात, म्हणून एवढी पातळ भिंत सोड्याचा दाब पेलते. अतिलांब साखळ्यांचे पॉलिइथिलीन द्रावकात विरघळवून, जेल करून ओढले, की वजनाच्या हिशेबाने पोलादाला मागे टाकणारा धागा मिळतो.

यावर पहिला आक्षेप असा, की पॉलिमर इंजिनिअरिंगची वेगळी शाखा असताना केमिकलवाल्यांनी हे ओझे का घ्यावे? वेगळी शाखा हवीच. साचे, यंत्रे आणि मिश्रणे यांत मुरलेली माणसे तिथेच घडतात. पण नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल संकुलात किंवा पाताळगंगेच्या पॉलिएस्टर कारखान्यात रिअ‍ॅक्टर, निर्वात यंत्रणा आणि उष्णताविनिमय सांभाळणे हे केमिकल इंजिनिअरचेच काम आहे. केमिकल इंजिनिअर रघुनाथ माशेलकर यांचे उदाहरणही बोलके आहे. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात (यूडीसीटी) मनमोहन शर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी वायू आणि द्रव यांमधल्या वस्तुमान-वहनावर पीएचडी केली. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत त्यांनी पॉलिमर अभिक्रिया, अ-न्यूटनी प्रवाह आणि जेल या विषयांत नाव मिळवले. केमिकल इंजिनिअरिंगचा पाया पॉलिमरमध्ये कसा फळतो, हे या वाटचालीत दिसते. रंग, शाम्पू, टूथपेस्ट, औषधांची जेल यांच्या कारखान्यांतही हाच प्रवाह-विचार लागतो. त्यामुळे प्लॅस्टिकच्या धंद्यात कधीच न जाणाऱ्या विद्यार्थ्यालाही तो उपयोगी पडतो.

दुसरा आक्षेप जागेचा आहे. अभ्यासक्रम आधीच भरगच्च आहे, हे खरे. पण सगळे काही नव्या पेपरात कोंबण्याची गरज नाही. बर्ड, स्टीवर्ट आणि लाइटफूट यांच्या १९६० च्या वहनशास्त्रावरील ग्रंथात अ-न्यूटनी द्रव आहेत आणि २००२ च्या दुसऱ्या आवृत्तीत पॉलिमर द्रवांना स्वतंत्र प्रकरण आहे. ती पाने वगळण्याऐवजी शिकवली, उष्णतावहनात साच्यातल्या भागाचे थंड होणे सोडवले, रिअ‍ॅक्टरच्या तासाला कॅरोदर्स यांचे समीकरण मांडले, तर निम्मे काम जुन्याच तासांत होते. उरलेल्यासाठी एक सक्तीचा पेपर आणि एक प्रयोगशाळा पुरेशी आहे.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो सर्वांत गंभीर आहे. प्लॅस्टिकने नाले तुंबतात, समुद्र भरतो. महाराष्ट्राने २०१८ मध्ये आणि देशाने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. मग तरुणांना याच वाटेवर का पाठवायचे? कचऱ्याचा प्रश्न सोडवायलाही हेच ज्ञान लागते, म्हणून. लांब साखळ्या मिसळल्याने एन्ट्रॉपीचा लाभ फार थोडा होतो, हे फ्लोरी-हगिन्स सिद्धान्त सांगतो. म्हणून पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनसारखी जवळची भावंडेही एकजीव होत नाहीत आणि मिश्र भंगारापासून केलेली वस्तू ठिसूळ निघते. पेट आणि पीव्हीसीची घनता इतकी जवळची आहे, की पाण्यात तरंगवून ती वेगळी करता येत नाहीत. थोडेसे पीव्हीसी राहिले तरी वितळताना सुटणारे आम्ल पेटच्या साखळ्या तोडते. पेट नीट वाळवले नाही तर ओलावाही तेच करतो. कुठली वस्तू एकाच पॉलिमरची असावी, कुठला थर टाळावा, कुठे बंदीच योग्य, हे निर्णय घोषणांनी होत नाहीत. ते घेणाऱ्याला साखळीचे वर्तन माहीत असावे लागते.

म्हणून सुचवण्याजोगा प्रयोगही साधा आहे. पॉलिप्रॉपिलीनचा एकच दाणा एक्स्ट्रूडरमधून पुन्हापुन्हा काढायचा आणि प्रत्येक फेरीनंतर २३० अंश तापमानाला, २.१६ किलोच्या वजनाखाली दहा मिनिटांत किती ग्रॅम वाहतो ते मोजायचे. साखळ्या तुटत जातात तसा आकडा चढत जातो. रासायनिक सूत्र मात्र तेच राहते. सूत्रात न दिसणारा हा बदल ज्याने स्वतः मोजला, तो पुढे कारखाना चालवताना दाणा कुठून आला, किती तापला आणि किती वेळा वितळला हे विचारल्याशिवाय राहणार नाही. नवी वस्तू घडवताना आणि जुनी परत वापरात आणताना सुरुवात याच प्रश्नांपासून करावी लागते. प्रत्येक केमिकल इंजिनिअरला ते विचारता यावेत, एवढी या शिक्षणाकडून अपेक्षा आहे.