पुढची चाके का उचलतात?

आदिलाबाद जिल्ह्यातील बेला व जैनद हा पैनगंगेच्या बाजूचा भाग काळ्या जमिनीचा आणि कापसाचा. वेचणी झाली की भरलेल्या ट्रॉल्या बाजाराकडे निघतात. वाटेत नाल्याचा चढ लागतो, कधी चाके चिखलात रुततात. चालक इंजिनाचा वेग वाढवतो, क्लच एकदम सोडतो आणि ट्रॅक्टरची पुढची चाके जमीन सोडतात. पाहणाऱ्या मुलांना मौज वाटते. परंतु तो क्षण जिवावरचा असतो.

हीच गोष्ट मोटारींच्या ड्रॅग शर्यतीत बुद्ध्या घडवून आणतात. पाव मैलाचे, म्हणजे सुमारे ४०२ मीटरचे, सरळ अंतर कोण आधी कापतो, एवढीच ही शर्यत. अमेरिकेत तिचे नियमन करणारी मोठी संस्था १९५१ साली स्थापन झाली. आपल्याकडे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवरही अशा शर्यती झाल्या आहेत. गाडी झटक्याने पुढे निघाली की तिचा भार मागच्या चाकांवर जातो व त्यांची पकड वाढते. म्हणून शर्यतवाले मागे रुंद, मऊ टायर बसवतात, त्यांत हवा कमी ठेवतात, बॅटरीसारख्या जड वस्तू मागे हलवतात. मात्र गाडी फार उचलली तर वेळ वाया जातो व ती उलटण्याचेही भय असते. यासाठी तिच्या मागे लहान चाके लावलेला दांडा असतो. तो टेकला की गाडी अधिक उठत नाही.

ट्रॅक्टरला असा दांडा नसतो. येथे सारा प्रश्न ओढ किती उंचीवरून लागते, याचा आहे. समजा, पुढच्या व मागच्या चाकांत २ मीटर अंतर आहे आणि ओढ १००० किलोची आहे. साखळी जमिनीपासून अर्ध्या मीटरवर बांधली, तर पुढच्या चाकांवरचा भार २५० किलोंनी घटतो. तीच साखळी १ मीटरवर बांधली, तर ५०० किलोंनी घटतो. त्यात चढ असला, तर उरलेला भारही मागे सरकतो.

याहून घातक चूक म्हणजे रुतलेल्या मागच्या चाकांपुढे ओंडका बांधणे. चाक फिरू शकले नाही, की इंजिनाची शक्ती ट्रॅक्टरच्या धडालाच मागे फिरवते. सावरण्याची संधी एका सेकंदाच्या आतच निघून जाते. मनुष्याचा पाय क्लचपर्यंत पोचतो न पोचतो, तोच ट्रॅक्टर उलटलेला असतो.

उपाय साधे आहेत. ओढ नेहमी खालच्या ड्रॉबारलाच लावावी, मागच्या आसाला किंवा वरच्या दुव्याला कधीही नाही. पुढे लोखंडी वजने लावावीत. क्लच सावकाश सोडावा. रुतलेला ट्रॅक्टर शक्यतो मागे घेऊन काढावा. न निघाल्यास दुसऱ्या ट्रॅक्टरची मदत घ्यावी. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांवर चालकाच्या रक्षणासाठी मजबूत चौकट सक्तीची केली, आणि तेथे असे मृत्यू पुष्कळ घटले. अशी चौकट असेल तर आसनाचा पट्टाही बांधावा.

शर्यतवाला पुढची चाके मोजूनमापून उचलतो. शेतकऱ्याने ती मोजूनमापून जमिनीवरच ठेवावीत. बाजारात कापूस एक तास उशिरा पोचला तरी चालेल. चालक संध्याकाळी घरी पोचला पाहिजे.