भोजनातील मात्रा आणि देहाचे आरोग्य

पाली वाङ्मयात भोजनाच्या संदर्भात ‘मत्तञ्ञुता’ हा शब्द वारंवार येतो. मात्रा जाणणे, म्हणजे किती खावे याचे भान असणे, हा त्याचा अर्थ होय. वजन आटोक्यात ठेवण्याशी या शब्दाचा किती निकटचा संबंध आहे, हे संयुत्तनिकायातील ‘दोणपाक सुत्ता’वरून दिसून येते.

कोसलनरेश प्रसेनजित द्रोणभर भात खात असे. एकदा असाच भरपेट जेवून तो धापा टाकीत तथागतांकडे आला. तथागतांनी त्याची निर्भर्त्सना केली नाही, की त्यास उपवासही सांगितला नाही. त्यांनी एक गाथा म्हटली. जो स्मृती जागृत ठेवून भोजनाची मात्रा जाणतो, त्याच्या वेदना क्षीण होतात व वार्धक्य सावकाश येते, असा तिचा आशय आहे. सुदस्सन नामक तरुणाने ती पाठ केली. राजाच्या भोजनसमयी ती म्हणावी, यासाठी त्यास रोज शंभर कार्षापण देण्याचे ठरले. क्रमाक्रमाने राजाचा आहार नाळिका या पुष्कळच लहान मापावर स्थिरावला व त्याचा देह सडपातळ झाला.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. आहार एकाएकी न तोडता हळूहळू कमी झाला, आणि स्मरण ऐन जेवणाच्या वेळी करून दिले गेले. अन्न सोडून देह झिजविण्याची निष्फळता तथागतांनी उरुवेलेस स्वतः अनुभवली होती. अतिभोजन व उपासमार ही दोन्ही टोके टाळणे, हाच येथेही मध्यम मार्ग ठरतो.

आहाराइतकेच महत्त्व चालण्याला आहे. अंगुत्तरनिकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत: प्रवासाचे सामर्थ्य, परिश्रमाचे सामर्थ्य, निरोगीपणा, अन्नाचे सुपचन आणि दीर्घकाळ टिकणारी समाधी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचविला आहे. रोज अर्धा तास झपझप चालणे, असे आठवड्यातून पाच दिवस केल्यास तो पूर्ण होतो. त्यासोबत दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायामही करावेत.

किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता येणारा अंक भारतीय प्रौढांत २३ च्या आत असावा. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीस ही मर्यादा सुमारे ५९ किलो येते. कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरहून कमी असणे इष्ट. पोटावर साठणारी चरबी मधुमेह व हृदयविकार यांना निमंत्रण देते.

ज्यांच्या वाडवडिलांनी उपासमार सोसली, त्यांच्या घरी भरलेले ताट हे सन्मानाचे चिन्ह असते. आग्रहामागे मायाच असते. परंतु शेतात व गिरणीत राबणाऱ्या देहाची भूक निराळी, आणि कार्यालयात दिवसभर बसणाऱ्या देहाची गरज निराळी. म्हणून भात थोडा कमी करून डाळ, उसळ व पालेभाजी वाढवावी. तळलेले व गोड पदार्थ प्रसंगापुरते ठेवावेत. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी आहार बदलण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

राजाला स्मरण देण्यास सुदस्सन होता. आपल्या घरी हे काम कुटुंबीयांनीच परस्परांसाठी करावयाचे आहे. पुढचा घास घेण्यापूर्वी भूक उरली आहे काय, एवढे विचारले तरी पुरेसे आहे.