राखणीचं कुत्रं वस्तू चावतं तेव्हा



मळ्यात वस्ती म्हटली की राखणीला कुत्रं हवंच. सोलापूर-सांगलीकडे कारवानी कुत्री पूर्वीपासून आहेत. आता शहरातून आणलेलं अल्सेशियनचं पिल्लूही वस्त्यांवर दिसतं. आणताना ते मांजराएवढं असतं. सहा महिन्यांत गुडघ्याच्या वर जातं आणि घरात तक्रारी सुरू होतात. वहाणेचा अंगठा तोडला, कासरा कुरतडला, बैलाच्या घुंगुरमाळेचा पट्टा फाडला, दोरीवरचं धोतर ओढून नेलं. मग कोणी काठी घेतं, तर कोणी म्हणतं, द्या सोडून लांब कुठे तरी.

तसं करण्याआधी ते का चावतं हे समजून घ्या. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत ४२ कायमचे दात येतात. या दिवसांत हिरड्या शिवशिवतात, त्यामुळे समोर येईल ते ते चावतं. मोठ्या जातीचं कुत्रं अंगानं लवकर भरतं, पण त्याचं पोरपण दीड-दोन वर्षं टिकतं. वहाणच का, तर तिला धन्याच्या घामाचा वास असतो आणि वर चामडं. कुत्र्याला याहून गोड काय लागणार!

वहाण दुपारी फाडली आणि धनी संध्याकाळी येऊन मारतो, याचा काहीच उपयोग नाही. दुपारच्या वहाणेचा आणि संध्याकाळच्या माराचा संबंध त्याला जोडता येत नाही. ते एवढंच शिकतं की धनी आला की मार बसतो. चावताना दिसलं, तर तेव्हाच एकदा ठाम आवाजात ‘नाही’ म्हणा आणि तोंडापुढे चावायची दुसरी वस्तू धरा. ती घेतली की पाठीवर थाप द्या. वस्तू तोंडात घेऊन पळालं तर मागे धावू नका, त्याला तो खेळ वाटतो. भाकरीचा तुकडा दाखवा, तोंडातलं आपोआप सुटेल.

चावायला काय द्यावं? जुनी वहाण मात्र देऊ नका. जुनी कोणती आणि नवी कोणती, हे त्याला कळत नाही. जाड कापडाची घट्ट गाठ मारून, ओली करून माठाजवळ गार ठेवा आणि द्या; हिरड्यांना बरं वाटतं. ज्वारीची वाळून कडक झालेली भाकरीही चालते, फक्त बुरशी आलेली नको. शिजलेलं हाड देऊ नका, त्याच्या टोकदार चिरफळ्या होऊन आतडं फाटतं. गाडीचं जुनं टायरही नको, त्यात तारा असतात.

पोट आणि पाय हेही पाहा. एवढ्या मोठ्या हाडाच्या जनावराला नुसत्या भाकरीवर पुरत नाही. डाळ, दूध, अंडं यांपैकी काही तरी रोज पोटात जावं. जंताचं औषध पशुवैद्यकाला विचारून वेळच्या वेळी द्या. आणि दिवसभर साखळीला बांधलेलं कुत्रं करणार काय? सकाळ-संध्याकाळ बांधावरून फिरवून आणलं, तर निम्मी चावाचावी थांबते. ठिबकच्या नळ्या फोडत असेल, तर बहुतेक वेळा त्याला पाणी हवं असतं. वाफ्याच्या कडेला सावलीत पाण्याचं कुंडं भरून ठेवा.

नुकसानीपेक्षा जिवाचा धोका मोठा. मोटारीची वायर जमिनीवर उघडी ठेवू नका, पाइपातून न्या. कुरतडलेली दिसली तर आधी मेन स्विच बंद करा, मगच हात लावा. कीटकनाशकाच्या रिकाम्या बाटल्या, औषध चोळलेल्या बियाण्याच्या पिशव्या, उंदराचं औषध हे सगळं कुलपात ठेवा. द्राक्षबागवाल्यांनी लक्षात ठेवावं की द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषारी आहेत, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. विष पोटात गेल्याचा संशय आला तर तेल, ताक, मिठाचं पाणी पाजत बसू नका. औषधाची पिशवी बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा. महाराष्ट्रात १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा टोल फ्री क्रमांक आहे. सुतळी किंवा प्लॅस्टिक गिळलं असेल आणि कुत्रं वारंवार ओकत असेल, शी होत नसेल, तरीही थांबू नका. गुदद्वारातून दोरा लोंबत असला तर तो ओढू नका, आतडं कापलं जातं.

आता सर्वांत महत्त्वाचं. लहानपणापासून चावरं असलेलं पिल्लू वेगळं आणि शहाणं, वयात आलेलं कुत्रं एकाएकी लाकूड, दगड, माती, साखळी चावू लागलं तर ते वेगळं. त्याबरोबर आवाज बदलला, लाळ गळू लागली, जबडा लोंबला, पाणी गिळता येईना, ओळखीच्या माणसावरही धावू लागलं, तर ते पिसाळल्याचं लक्षण असू शकतं. अशा वेळी घशात हाड अडकलं असेल म्हणून तोंडात हात घालणारे लोक आहेत. हे कदापि करू नका. रेबीजचे विषाणू त्या लाळेतच असतात आणि बोटावरची लहानशी जखमही त्यांना पुरते. पोरांना आणि जनावरांना दूर ठेवा, जवळ न जाता जमत असेल तर दार लावून त्याला कोंडा आणि पशुवैद्यकाला बोलवा.

कुत्रं चावलं, किंवा त्याची लाळ जखमेला अथवा डोळ्याला लागली, तर वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. जखमेला साबण लावा, डोळ्याला नुसतं पाणी. मिरचीपूड, चुना, हळद काही भरू नका. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. पूर्वीची पोटातली चौदा इंजेक्शनं आता राहिलेली नाहीत; लस दंडात टोचतात. ज्या दिवशी पहिली सुई घेतली तिथून तिसरा, सातवा असे डॉक्टर सांगतील ते सगळे दिवस पाळा, मध्ये सोडू नका. एकदा रोगाची लक्षणं दिसू लागली की उपाय जवळजवळ नसतोच.

पिल्लू तीन महिन्यांचं झालं की त्याला रेबीजची लस टोचून घ्या. पुढच्या मात्रा पशुवैद्यक सांगतील त्या तारखांना द्या आणि तारीख गोठ्याच्या दारावर खडूनं नव्हे, वहीत लिहून ठेवा.