लग्नपत्रिकेवरचा थेंब

आंबा घाट उतरताना आमची गाडी कण्हायला लागली. सरळ रस्त्यावर गप्प, वळण आलं की कण्हणार. आणि त्या घाटात सरळ रस्ता असतो कुठे? शेजारी बसलेल्या नवऱ्याला काही ऐकू येत नव्हतं. मला येत होतं, कारण चालवत मी होते आणि स्टेअरिंग ते आधी माझ्या तळहातांना सांगत होतं, कानांना नंतर. साखरपा येईपर्यंत मला वडिलांची अ‍ॅम्बॅसिडर आठवायला लागली. तिला पॉवर स्टेअरिंग नव्हतं. गल्लीत गाडी वळवायची वेळ आली की वडील आधी मनगटावरचं घड्याळ काढून आईच्या हातात द्यायचे.

कोल्हापुरात परतल्यावर उद्यमनगरातल्या एका गॅरेजात गेले, नुसती दाखवायला. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, पॉवर स्टेअरिंगच्या तेलाच्या छोट्या प्लास्टिकच्या डबीचं टोपण फिरवून काढलं, दवाखान्यातल्या सिरिंजनं थोडं तेल ओढलं आणि एका कागदावर एकच थेंब सोडला.

"थांबा. पसरू दे त्याला."

तो पसरेपर्यंत चहा आला. थेंबाच्या मधोमध काळा ठिपका बसून राहिला होता, भोवती तपकिरी कडं, त्याच्याही बाहेर फिकट तेलकट वलय. मिस्त्रींनी सिरिंजचं तोंड माझ्या नाकाजवळ धरलं. करपट वास. भज्यांची कढई दोन दिवस तशीच ठेवली तर येतो, त्याच्या जवळपासचा.

"नवं तेल असतं तर सगळीकडं सारखं गुलाबी पसरलं असतं. मधी काळं राहिलंय ते आतलं झिजलेलं. रबर म्हणा, लोखंड म्हणा."

मी मात्र थेंबापेक्षा कागद बघत होते. ती लग्नपत्रिका होती. आतलं पान, त्याची कोरी बाजू. खिळ्याला अडकवलेल्या तारेत अशा शे-दीडशे पत्रिका ओवलेल्या होत्या आणि प्रत्येकीवर एकेक थेंब, खाली गाडीचा नंबर, तारीख, किलोमीटर. मिस्त्रींच्या मुलीचं लग्न २०२० सालच्या मे महिन्यात ठरलं होतं. पत्रिका छापल्या पाचशे. लग्नाला परवानगी मिळाली पन्नास माणसांची. उरलेले गठ्ठे रद्दीत घालायला मन होईना, म्हणून ते गॅरेजात आले. गणपतीचं वरचं पान मात्र त्यांनी एकेक करून वेगळं काढून ठेवलं आहे. त्याला तेलाचा हात लावत नाहीत.

त्या तारेपायी मी नंतर दोनदा गेले. एकदा दुसऱ्याच्या गाडीचं काम बघायला, एकदा माझ्या.

हे तेल करतं काय, ते मिस्त्रींनी बॉनेटवरच्या धुळीत बोटानं रेघा ओढून सांगितलं. इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो. तो तेल दाबून पुढे पाठवतो. स्टेअरिंगच्या दांड्याच्या टोकाला एक बारीक सळई असते. चाक फिरवलं की ती किंचित पिळते, तेवढ्या पिळानं झडप उघडते आणि तेल रॅकमधल्या दट्ट्याच्या डाव्या नाहीतर उजव्या अंगाला घुसतं. गाडीची पुढची चाकं ढकलण्याचं काम त्याचं. आपण फक्त दिशा सांगायची. आणि हे सगळं करणारं तेल असतं किती, तर साधारण लीटरभर.

"आता फुल लॉक मारून धरून ठिवलासा. दट्ट्याला फुडं जागाच न्हाई. पंप काय थांबतोय? त्यो ढकलतच ऱ्हानार." दाब चढतो, जादा दाब सोडणारी झडप उघडते आणि तेच तेवढं तेल पंपात गोल गोल फिरत तापत राहतं. "टायरात तेहेतीस भरतो नव्हं आपण? हितं हजाराच्या वर जातंय." तेहेतीस काय आणि हजार काय, ते मिस्त्री बोलले नाहीत. दर चौरस इंचाला इतके पौंड, हे टायरवाल्याकडे तरी कोण बोलतं?

"म्हणून पाच सेकंद. त्येच्यावर न्हाई."

ते पाच सेकंद मी त्या दिवसांत बरेचदा ऐकले. पार्किंगमध्ये चाक टोकापर्यंत फिरवून फोनवर बोलत बसणाऱ्यांचा उल्लेख निघाला की मिस्त्री पाच बोटं दाखवायचे, शब्दही न बोलता.

तेल बदलणं सोपं, तेल निवडणं अवघड, असं त्यांचं मत. शेजारच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मी गेले तर मुलानं काउंटरवर तीन बाटल्या मांडल्या. एकीत लाल, एकीत हिरवं, तिसरीत मधाच्या रंगाचं. मधाच्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं की हे सर्व गाड्यांना चालतं. ती स्वस्तही होती. मी ती घेऊन आले.

"सगळ्यास्नी चालतं ते फकस्त पानी," मिस्त्री म्हणाले आणि रॉकेलचा बोळा घेऊन माझ्या गाडीच्या डबीचं टोपण पुसायला लागले. वर्षानुवर्षांची माती निघाल्यावर खाली उठावाची अक्षरं दिसली: एटीएफ, डेक्सरॉन दोन किंवा तीन. गाडी माझ्याकडे २००९ पासून आहे. टोपणावर काही लिहिलेलं असतं हे मला त्या दिवशी कळलं.

एटीएफ हे मुळात ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. अनेक कंपन्यांनी तेच स्टेअरिंगलाही वापरलं. डेक्सरॉन हे जनरल मोटर्सनं घालून दिलेल्या मापाचं नाव. या तेलात लाल रंग मिसळतात तो ओळखीसाठी: गाडीखाली डाग दिसला तर तो इंजिन ऑइलचा नाही एवढं तरी बघताक्षणी कळावं. पण उलट अर्थ लागत नाही. लाल आहे म्हणजे आपल्या गाडीचं आहे, असं नव्हे. बऱ्याच जर्मन गाड्यांना हिरवं कृत्रिम तेल लागतं, होंडा आपलं वेगळंच मागते. प्रत्येक तेलातली रसायनं निराळी, आणि आतली रबरी सीलं त्या त्या तेलाच्या हिशेबानं निवडलेली. "रंगाचं काय घिऊन बसलासा ताई? टोपण वाचा. टोपण न्हाई वाचता आलं तर पुस्तक वाचा. पुस्तक हरवलं आसंल तर मला इचारू नका, शोरूमला इचारा."

चुकीच्या तेलाचा नमुना त्यांनी तारेतून काढून दाखवला. एका जीपगाडीचा. रस्त्यात कुठेतरी डबी रिकामी दिसली म्हणून कुणीतरी तीत ब्रेक ऑइल ओतून दिलं होतं. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं, नावात तेल असलं तरी खनिज तेलाशी त्याचं नातं नाही. ब्रेकची रबरं वेगळी असतात, त्यांना ते मानवतं. स्टेअरिंगची रबरं त्यात फुगतात, मऊ पडतात आणि मग सुटतात. त्या पत्रिकेवर एक थेंब नव्हताच. एकमेकांत न मिसळलेले दोन डाग होते, खरकट्या ताटातल्या रश्श्यासारखे. रॅक बदलावा लागला. किंमत मी विचारली तर मिस्त्री म्हणाले, ऐकून काय करणार.

या लाल तेलाच्या पूर्वजांत व्हेल मासा आहे हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याकडे नीट वळले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत ऑटोमॅटिक गिअरच्या तेलात स्पर्म व्हेलचं तेल घालत. घर्षण नेमकं हवं तेवढंच ठेवायला ते फार गुणी. मग व्हेलच्या तेलावर बंदी आली आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावे लागले. "मासा?" मिस्त्रींनी दोनदा विचारलं. पोराला हाक मारून त्यालाही सांगितलं.

दुसरी गोष्ट मी सांगितली नाही, मनातच ठेवली. फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं तेलाच्या दाबावर चालणारं स्टेअरिंग १९२६ सालीच गाडीला बसवून दाखवलं होतं. बाजारातल्या मोटारीत ते यायला १९५१ उजाडलं, क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये. वडिलांनी अ‍ॅम्बॅसिडर घेतली त्याच्या पस्तीस वर्षांनंतर. तरीही ते घड्याळ काढून देत होते.

बदलायच्या दिवशी मी सकाळी नऊला पोचले. पुढची दोन्ही चाकं उचलून खाली स्टँड लावले. डबीतलं तेल सिरिंजनं ओढून घेतलं. परतीचा पाइप पक्कडीनं क्लिप दाबून सोडवला, त्याचं तोंड रिकाम्या पाण्याच्या बाटलीत घातलं, डबीची उघडी नळी बोळ्यानं बंद केली. मग मिस्त्री म्हणाले, "बसा आत."

इंजिन बंद. चाकं हवेत. मी स्टेअरिंग डावीकडे टोकापर्यंत नेलं, मग उजवीकडे. जमिनीवर टायर नसले की बंद गाडीचं चाकही किती हलकं फिरतं! प्रत्येक फेरीला पुढून बाटलीत पचाक असा आवाज यायचा. पोरगा नवं तेल ओतत होता, मिस्त्री बाटली बघत होते. काळं. काळं. तपकिरी. "फिरवा." तपकिरी. मग एकदम कोकम सरबताचा रंग, स्वच्छ, आरपार दिसणारा. "बास!"

मला वाटलं झालं. खरं काम पुढेच होतं. पाइप परत जोडला, डबी भरली आणि इंजिन बंद ठेवूनच मला आणखी पंधरावीस वेळा चाक फिरवायला लावलं, सावकाश. आत अडकलेली हवा निघायला पाहिजे. ती राहिली की पंप ओरडतो, चाक धक्के देतं. त्यानंतर इंजिन चालू केलं आणि मी उतरून डबीत वाकून पाहिलं, तर आत फेसाळ फिकट गुलाबी सोलकढी. मी घाबरले. मिस्त्रींनी इंजिन बंद करून बिडी पेटवली. "बसू दे फेस. घाई केलीसा तर ती हवा पुन्ना आत जानार." बिडी ते गॅरेजबाहेर रस्त्यावर जाऊन ओढतात, हे नमूद करते.

फेस बसला. पुन्हा चालू, पुन्हा टोकापासून टोकापर्यंत. डाव्या टोकाला चाक पोचलं तसा पंपाचा आवाज चढला आणि मी नकळत मोजायला लागले. एक, दोन, तीन. तीनलाच सोडलं. पुढे उभ्या मिस्त्रींनी पंजा वर धरलेला होता.

आता शंकेचं. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत हे तेल 'तपासा' असं आहे. 'बदला' असं कुठेही नाही. मिस्त्री म्हणतात चाळीस हजार किलोमीटरला बदला. चाळीस हजार कुठून आले? "माझ्या वस्तादानं सांगितलं." वस्तादाला कुणी सांगितलं? त्यावर ते हसले. ज्याच्या हातात पाना आहे त्याला काम दिसणारच, हे मला कळतं. पण पुस्तिका लिहिणाऱ्याला गाडी विकायची असते आणि 'आयुष्यभर चालतं' म्हणताना कुणाचं आयुष्य धरलंय ते तो लिहीत नाही. माझ्या गाडीचा थेंब मी स्वतः पाहिला आहे. शिवाय मिस्त्रींनी काम घेण्याआधीच बजावलं होतं की पंपच झिजला असेल तर नव्या तेलानं कण्हणं कमी होईल, जाणार नाही. तेव्हा पैसे परत मागायचे नाहीत. हे शहाणपण विकणाऱ्याचं नसतं.

एका गोष्टीत मात्र माझं समाधान झालं नाही. बाटलीतलं काळं तेल मागच्या पिंपात गेलं. पुढे? "मानूस येतो की न्यायला." वापरलेलं तेल धोकादायक कचऱ्यात मोडतं, ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेलं पाहिजे, असे २०१६ चे नियम आहेत. त्या माणसाकडे परवाना आहे का, हे मिस्त्रींनी कधी विचारलेलं नाही. सेंट्रिंगच्या फळ्यांना फासायलाही लोक नेतात, हे त्यांनी सहज सांगितलं, चांगला उपयोग म्हणून. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

हे काम किती दिवस राहणार? सुझुकीनं १९८८ साली छोट्या सर्व्हो गाडीत विजेच्या मोटरवर चालणारं स्टेअरिंग आणलं; आता नव्या छोट्या गाड्यांत बहुतेक तेच. त्याला ना पंप, ना डबी, ना टोपण. गॅरेजातला पोरगा लॅपटॉप जोडायला शिकतोय. ट्रक आणि बस आहेत तोवर तेल आहे, असं मिस्त्री म्हणतात, आणि तारेतल्या पत्रिकांच्या संख्येवरून त्यांना घाई दिसत नाही. पाचशेतल्या अजून निम्म्या कोऱ्या आहेत.

निघताना त्यांनी नव्या तेलाचा एक थेंब वेगळ्या पत्रिकेवर टाकला, नंबर आणि किलोमीटर लिहिले आणि पत्रिका माझ्या हातात दिली. "ही तुमच्यापाशी ऱ्हाऊ दे. पुढच्या येळंला शेजारी शेजारी ठिवून बगू." मी ती डॅशबोर्डच्या खणात टाकली. कण्हणं जवळजवळ गेलं आहे; थंडीच्या सकाळी पहिल्या वळणावर थोडं येतं.

परवा विम्याचे कागद शोधताना पत्रिका बाहेर आली. गुलाबी थेंब पसरून छापील बाजूपर्यंत उतरला होता. तिथे तळाशी, चौकटीत, दोन चिमुकल्यांच्या नावांच्या वर लिहिलेलं: आमच्या मावशीच्या लग्नाला नक्की यायचं हं!