लोगोपाशी परतणारा टीव्ही

रिमोट दाबला की पडदा उजळतो, कंपनीचं नाव झळकतं आणि पुन्हा अंधार. पाच-सात सेकंदांनी तेच नाव, तोच अंधार. मुंबईच्या शीव कोळीवाड्यातल्या एखाद्या दहा बाय पंधराच्या खोलीत ऐन मालिकेच्या वेळेला हा खेळ सुरू झाला की घरातला प्रत्येक जण आपापलं निदान ठोकून देतो: व्होल्टेज कमी आलंय, केबलवाल्याने काहीतरी केलंय, पॅनेल गेलं, आता नवाच घ्या. गल्लीतला रिपेरिंगवाला एवढंच म्हणतो, ‘रिस्टार्ट मारतोय’. त्याचं हे बोलणं घरच्यांच्या निदानांपेक्षा शहाणपणाचं आहे, कारण त्यात लक्षण आहे, निकाल नाही. असा टीव्ही बहुतेक वेळा स्वतःला वाचवत असतो. कुठेतरी काहीतरी बिनसलंय हे त्याच्या एखाद्या भागाला कळतं, तो भाग वीज तोडतो, क्षणभर थांबतो आणि ‘आता जमतंय का’ म्हणून पुन्हा पाहतो. म्हणून अशा टीव्हीला ‘काय बदलू’ हे विचारण्याआधी ‘कितव्या सेकंदाला’ हे विचारायला हवं.

कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंत घरात वीज येते ती बेस्टची, 230 व्होल्टची. टीव्हीच्या पॉवर सप्लायमध्ये तिचं आधी सुमारे 325 व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर होतं. मग एक आयसी ती सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून पुढे ढकलते आणि पलीकडे 12 किंवा 5 व्होल्ट निघतात. पलीकडे कुणी जास्त वीज ओढली, कुठे शॉर्ट झाला, तर ही आयसी हात आखडता घेते आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करते. इंग्रजीत या वागण्याला उचकीचंच नाव आहे आणि ते चपखल आहे. कारागीर टीव्ही सिरीज बोर्डवर, म्हणजे शंभर वॅटच्या बल्बमधून, लावतो तेव्हा ही उचकी डोळ्यांना दिसते: बल्ब एका तालात भपकतो आणि विझतो. इथे एक फसगत संभवते. टीव्ही मोठा आणि बल्ब लहान असला तर बल्बमुळेच व्होल्टेज पडतं आणि निरोगी टीव्हीसुद्धा रिस्टार्ट मारू लागतो.

वेळ मोजली की संशयितांची यादी झपाट्याने आटते. टीव्हीवरचा छोटा दिवा लागून सेकंदभरातच विझत असेल तर पॉवर सप्लाय किंवा मेन बोर्डावरचा थेट शॉर्ट. बॅकलाइट एकदा लकाकून टीव्ही बंद होत असेल तर आतल्या एलईडीच्या पट्ट्या. लोगो नीट दिसून पुढे जातच नसेल तर सॉफ्टवेअर ज्या मेमरीत साठवलंय ती, किंवा प्रोसेसरला ऐन कामाच्या क्षणी कमी पडणारी वीज. वीस मिनिटं व्यवस्थित चालून मग हा खेळ सुरू होत असेल तर उष्णता, आणि तिच्यामागे सुटलेलं सोल्डर किंवा थकलेला कपॅसिटर. कारागिराने पॅनेलकडे जाणारी चपटी रिबन बंद टीव्हीतून काढली, तिच्याशिवाय टीव्ही पुन्हा लावून पाहिला आणि रिस्टार्ट थांबला, तर दोष पॅनेलच्या बाजूला. या एका चाचणीला पैसा लागत नाही. अर्धी घरगुती निदानं मात्र ती मोडीत काढते.

बरेचदा सापडतो तो कपॅसिटर, आणि तो का सापडतो हे कोळीवाड्यात राहणाऱ्याने समजून घेण्यासारखं आहे. आतल्या द्रवावर चालणाऱ्या या नळकांड्यावर 105 अंश आणि 2000 तास असं काहीसं लिहिलेलं असतं. तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट, हा त्याचा ढोबळ नियम. 65 अंशांवर तो 32,000 तास चालेल, म्हणजे रोज सहा तास धरले तर चौदा-पंधरा वर्षं. तोच 85 अंशांवर राहिला तर 8000 तास, चार वर्षंसुद्धा नाहीत. भिंतीला घट्ट चिकटवलेला टीव्ही, शेजारी गॅसची शेगडी आणि वर बंद पडलेला पंखा, एवढ्याने हा वीस अंशांचा फरक पडू शकतो. डोकं फुगलेला कपॅसिटर कुणालाही दिसतो. खरा लबाड तो, जो फुगत नाही, मीटरवर क्षमताही बरोबर दाखवतो, पण आतला रोध वाढवून बसलेला असतो. मल्टिमीटरवर 12 व्होल्ट दिसतात, कारण मीटर संथ आहे. प्रोसेसर जागा होताना क्षणभर पडलेली खळी त्याला दिसतच नाही.

हवेचाही वाटा आहे. पूर्वेला वडाळ्याची मिठागरं आणि खाडी, पावसाळ्यात चार महिने दमट हवा. जोडणीच्या पट्ट्यांवर हिरवट बुरशीसारखा गंज चढतो, आणि मिठाने ओल धरून ठेवली की दोन शेजारच्या टोकांमध्ये चोरवाट तयार होते. पडदा पुसायला फवारलेलं पाणी खालच्या कडेत झिरपतं, तिथे पॅनेलच्या नाजूक पट्ट्या असतात. ज्या वस्तीचं नाव कोळंबीच्या तळणीमुळे देशभर पोचलं, तिथल्या टीव्हीच्या मागच्या झाकणावर तेलकट धूळ असली तर नवल नाही. व्होल्टेजला मात्र उगाच दोष मिळतो. आजचे बहुतेक टीव्ही साधारण 100 ते 240 व्होल्टवर चालतात, त्यामुळे दिवा मंद झाला म्हणून टीव्ही रिस्टार्ट मारणार नाही. ढिला प्लग आणि ठिणग्या उडवणारा एक्स्टेंशन बोर्ड मात्र खरोखर रिस्टार्ट मारायला लावतात, आणि ते तपासायला कारागीर लागत नाही.

आता आक्षेप. पहिला असा की हल्लीचे टीव्ही संगणकच आहेत, तेव्हा सॉफ्टवेअर टाकलं की झालं. काही वेळा खरंच होतं. पण वीज ढासळत असताना सॉफ्टवेअर टाकलं तर ते मधेच तुटतं आणि थोडा बिघडलेला बोर्ड पुरता निकामी होतो. आधी वीज, मग मेमरी, हा क्रम मोडू नये. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: पूर्ण बोर्ड बदलणं जलद आणि त्याची हमीही मिळते, मग काही रुपयांच्या कपॅसिटरसाठी कारागिराने दोन तास का घालवावेत? वॉरंटीतल्या टीव्हीला हे उत्तर पुरेसं आहे. वॉरंटी संपल्यावर बोर्डाची किंमत कित्येकदा टीव्हीच्या किमतीला जाऊन भिडते, आणि दोष एलईडीच्या पट्टीत किंवा पॅनेलमध्ये असेल तर नवा बोर्डही तसाच रिस्टार्ट मारतो. शिवाय बदललेला बोर्ड जातो कचऱ्यात. कारागिराला वेळ लागतो त्यालाही कारण आहे. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं, त्यानंतरच्या पिढीतल्या अनेक संचांबरोबर सर्किटचा नकाशा मिळत असे. आज तो कंपन्या सहसा देत नाहीत, म्हणून गल्लीतला माणूस अंदाजाने चालतो, आणि अंदाजाला आपण अडाणीपणा म्हणतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या कक्षेत घरगुती उपकरणंही आली. पण नकाशे आणि सुटे भाग लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात काउंटरवर मिळेपर्यंत हा हक्क कागदावरचाच.

तिसरा आक्षेप खरा आहे: हे काम जिवावर बेतू शकतं. प्लग काढल्यावरही मुख्य कपॅसिटरमध्ये तो 325 व्होल्टचा साठा काही वेळ राहतो. म्हणून घरच्यांनी सेकंद मोजावेत, प्लग पाहावा, भिंतीपासून टीव्ही पुढे ओढावा. झाकणाचा स्क्रू कारागिराने काढावा. त्यानेही तो साठा आधी रोधकातून उतरवावा आणि मग जुन्या कपॅसिटरची पांढरी पट्टी कुठल्या बाजूला होती ते पाहून नवा, 105 अंशांचाच, तसाच बसवावा. झाकण लगेच आवळू नये. टीव्ही दोन तास उघडा चालू ठेवावा, वीस मिनिटांचा टप्पा ओलांडू द्यावा, मग बंद करून गार झाल्यावर एकदा पुन्हा लावून बघावा.